एका कोठीतला तांदूळ

सुलोचनाबाईंना राग यायला वेळ लागत नाही आणि जायलाही लागत नाही. मधल्या वेळात जो कोणी समोर सापडेल त्याचं मात्र काही खरं नसतं. भंडाऱ्याजवळच्या कारध्यात ही गोष्ट भाजीवाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी रविवारी सकाळी प्रार्थनाघराच्या ओसरीवर सतरंजी पसरली, की पोरं धावत येतात. गावातली तर येतातच, पण पूल ओलांडून जवाहरनगरच्या क्वार्टरांतलीही येतात, कोणी बापाच्या मोटरसायकलवर, कोणी कारमध्ये. बाई ओरडतात हे खरं, पण गोष्ट सांगावी तर बाईंनीच, असं पोरांचं ठाम मत.

बाईंचं माहेर दिघोरीचं. तळ्याच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या घरात जन्म, त्यामुळे तांदळाच्या बाबतीत नाक भारी तिखट. शेजारी बारीक, वासाचा भात शिजत असला, की इथे बसल्या बसल्या सांगतील, "चिन्नोर शिजवून राहिली वाटते. पाहुणे आले असन." लग्न होऊन कारध्याला आल्या, अंगणवाडीत सेविका झाल्या, अर्ध्या गावाची नाकं पुसली, आणि आता निवृत्त होऊन घरी बसल्या आहेत. बसल्या म्हणजे कसल्या बसल्या! नवरा तेजराम एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, शांत माणूस. तो म्हणतो, "गाडीभर पॅसेंजर परवडले, हे एक सांभाळणं कठीण आहे." असं म्हणून तोच हसतो आणि बाईही हसतात. दोन खोल्या, मागे लिंबाचं झाड, मुलगा नागपूरला नोकरीत. बाईंना काही कमी नाही आणि फार काही हवंही नाही. फक्त ताटातला भात नीट हवा.

आणि त्याच बाईंनी भातात घोळ घालावा, तोही चर्चच्या सगळ्या मंडळीच्या पंगतीत! त्याचं असं झालं.

पोळा होऊन गेला होता. त्या रविवारी संडे स्कूलमध्ये बुटांवरून भांडण झालं. जवाहरनगरची खुशबू, तिचे वडील तिथल्या फॅक्टरीत सुपरवायझर, चालताना लाल दिवे लागणारे बूट घालून आली होती. प्रार्थना राहिली बाजूला आणि सगळी पोरं बुटांभोवती गोळा. निकेश म्हणून एका शेतकऱ्याचा पोरगा आहे, तो म्हणाला, "एक डाव घालून पाहू दे न."

"नाही. मळतील."

"मळले तं पुसून देईन."

"नाही म्हटलं ना! माझे आहेत."

झालं, ढकलाढकली सुरू. बाईंनी दोघांच्या पाठीत एकेक धपाटा ठेवून दिला, त्या दिवशी शिकवायचा धडा गुंडाळून ठेवला आणि कोठारवाल्या शेतकऱ्याची गोष्ट काढली. येशूनं लोकांना सांगितलेली गोष्ट. एका माणसाला इतकं पीक आलं, की ठेवायला जागा पुरेना. तो म्हणाला, जुनी कोठारं पाडतो, मोठी बांधतो, मग बसून खातो, पितो आणि मजा करतो. अन् त्याच रात्री गडी मेला.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "ते सगळं धान कोणाचं झालं?"

निकेश विचारात पडला होता. "पण टीचर, धान ठेवलंच नाही तं पुढच्या साली बीजाई कुठून आणाल?"

आता बाई भडकणार, असं सगळ्यांना वाटलं. पण बाई खदखदून हसल्या. धानाच्या घरचं लेकरू, दुसरं काय विचारणार!

"हाव रे बापा, बरोबर बोलला. बी ठेवाच लागते. पण माणूस बी कायले ठेवते? पेराले. त्या गड्याले पेराचं नव्हतं, त्याले त्या ढिगावर बसाचं होतं. देवानं जे देलं ते आपल्याले सांभाळाले देलं, वापराले देलं अन् वाटाले देलं. मालक तोच. आपण कारभारी. हे ज्याच्या ध्यानात राह्यलं, त्याले घर मोठं असो का लहान असो, झोप चांगली लागते."

"अन् बुटाचं काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"बुटाचं खुशबू पाहीन. मी नाही बोलत." आणि बाई खरंच पुढे काही बोलल्या नाहीत. असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच झालं असेल.

घरी जाताना मात्र डोकं चालू होतं. नुसत्या गोष्टीनं काय होतं? पोरं ऐकतात, टाळ्या वाजवतात, घरी जाऊन पुन्हा 'माझं' म्हणून बसतात. हाताला सवय लागली पाहिजे. आणि त्यांना सासूबाईंचा मुठीचा तांदूळ आठवला. पूर्वी मंडळीतल्या बायका भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवायच्या, देवाच्या नावानं. महिन्याकाठी तो तांदूळ कोण्या गरजवंताच्या घरी जायचा. पुढे दान पाकिटात घालून द्यायची पद्धत आली आणि मुठीचा डबा मागे पडला.

बाईंनी पुढच्या रविवारी पोरांना कामाला लावलं. रोज संध्याकाळी भात टाकायच्या वेळी आईनं नाही, पोरानं आपल्या हातानं एक मूठ काढायची. रविवारी थैलीत घालून आणायची. जमलेला तांदूळ भंडाऱ्याच्या दवाखान्यात जे खेड्यापाड्यातले लोक पेशंटसोबत येतात, बाहेर झाडाखाली चूल मांडतात, त्यांच्यासाठी. पोरांना हे भलतंच आवडलं. आपल्या हातानं काढायचं म्हटल्यावर काहींनी इतकं काढलं, की आया तक्रार घेऊन आल्या.

पहिल्या रविवारी थैल्या उघडल्या आणि बाईंच्या लक्षात आलं, की बूट गेले आणि तांदूळ आला. खुशबूचा बासमती, लांब लांब, पारदर्शक पिशवीत. निकेशचा घरच्या शेतातला चिन्नोर, बारीक, आणि वास असा की बाईंचा जीव क्षणभर तिथंच अडकला. "पाय, आमचा कसा वास येते!" निकेश थैली सगळ्यांच्या नाकाखालून फिरवत होता. आणि तृप्ती, हायवेवरच्या ढाब्यात भांडी घासणाऱ्या रुखमाची पोरगी, थैली पाठीमागे धरून भिंतीला टेकली होती. तिच्या थैलीत काय आहे हे बाईंना न उघडताच कळलं. राशनचा तांदूळ. तोच जाडा, आणि त्यात ते फिके पिवळे दाणे, ज्यांच्यात सरकार पोषणासाठी जीवनसत्त्वं घालून देतं आणि गावभर बोंब असते की प्लास्टिकचे आहेत.

बाईंनी एक क्षण विचार केला असेल-नसेल. आतून पत्र्याची कोठी ओढत आणली. "सगळे इथं टाका. डोळे मिटून टाका." पोरांनी डोळे मिटून थैल्या रिकाम्या केल्या, तृप्तीनंही केली. मग बाईंनी कोपरापर्यंत हात घालून सगळा तांदूळ ढवळला. "उघडा डोळे! आता सांगा, कोणाचा कोणता?"

पोरं कोठीवर वाकली. कोणालाच सांगता येईना. निकेशनं वास घेऊन पाहिला, तोही गोंधळला. तृप्ती पहिल्यांदा हसली. बाईंना इतका आनंद झाला, की घरी जाऊन त्यांनी तेजरामला ही गोष्ट दोनदा सांगितली, आणि तो 'हं' म्हणाला म्हणून तिसऱ्यांदा सांगितली.

पाळकसाहेबांनी भर उपासनेत बाईंचं कौतुक केलं. बाई फुगल्या, यात शंका नाही. आता माणूस फुगला, की त्याला कमी ऐकू येतं. मंडळीच्या पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या उषाबाई एकदा कोठीत डोकावल्या, मूठभर तांदूळ हातावर घेतला आणि म्हणाल्या, "का वो सुलोचनाबाई, हे शिजन कसं? बासमती, चिन्नोर, राशनचा, अन् आता पोट्टे नवा तांदूळ पण आणून राहिले. एक शिजन तं एक कच्चा राहीन."

"प्रभू शिजवन," बाई म्हणाल्या.

"प्रभू शिजवन, पण चुलीवरच्या गंजापाशी मले उभं राहा लागन न!"

बाईंनी हसण्यावारी नेलं. आणि हीच त्यांची चूक. दिघोरीच्या धानवाल्याची लेक, अंगणवाडीत वर्षानुवर्षं खिचडी शिजवून घेतलेली बाई. जुना-नवा, जाडा-बारीक तांदूळ एका गंजात टाकत नाहीत, हे तिला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? सगळं कळत होतं. पण आपल्याच शिकवणीच्या प्रेमात पडल्यावर गंजाकडे कोण पाहतो!

नोव्हेंबरच्या शेवटी सगळं धान घरात आलं आणि मंडळीचा हंगामाचा सण ठरला. त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक देवासमोर आणून ठेवतात, धानाच्या लोंब्या, भोपळे, कोहळे, कोणी कोंबडीही आणतो. उपासनेनंतर पंगत. बाईंनी हट्ट धरला, की यंदा पंगतीचा भात पोरांच्या कोठीतलाच होईल, अर्धी कोठी पंगतीला आणि अर्धी दवाखान्याला. उषाबाईंनी कपाळाला हात लावला आणि गंज चुलीवर चढवला.

भात काय झाला म्हणता! नवा तांदूळ गळून त्याचा चिखल, बासमतीचे तुकडे, आणि मधे मधे राशनचा दाणा दाताखाली कचकन लागायचा. वांग्याची भाजी झकास होती, लोक भाजीच खात होते. मग मंडळीचे पंच कृष्णराव यांनी घास तोंडातून बाहेर काढला. कृष्णराव वाईट माणूस नव्हे. पण त्यांच्या शेतातला चिन्नोर तालुक्यात नावाजलेला, आणि भाताचा अपमान त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. आवाज तसाही मोठा.

"राशनच्या तांदळानं सगळ्या भाताची वाट लावली! चांगल्या तांदळात हा कचरा कोणं टाकला?"

त्यांच्या समोरच तृप्ती मीठ वाढत होती. बाईंनी लांबून पाहिलं. पोरीनं मिठाचं वाटगं शेजारच्या पोराच्या हातात दिलं, ओढणी सावरली आणि सरळ फाटकातून बाहेर निघून गेली. बाई तिच्या मागे जाणार, तोच कोणीतरी वरणासाठी हाक मारली.

पुढच्या रविवारी तृप्ती आली नाही. बाईंनी सतरंजीवर नजर फिरवली आणि गोष्ट सांगताना दोनदा चुकल्या.

उपासनेनंतर पंचांची बैठक झाली. कृष्णरावांचं म्हणणं साधं होतं. दोन कोठ्या करा, चांगला तांदूळ एकीत, जाडा दुसरीत. चांगला पंगतीला, जाडा दवाखान्याला. आणि उरलेली अर्धी कोठी पोरांकडून निवडून घ्या.

"म्हणजे देवाच्या घरी बसणाऱ्याले चिन्नोर, अन् झाडाखाली बसणाऱ्याले जाडा?" बाई ताडकन उठल्या. "पोट्ट्यांनी हेच शिकाचं काय?"

"सुलोचनाबाई, तुमचं शिकवणं बरोबर आहे जी," कृष्णराव म्हणाले. "पण तो भात तुम्ही तरी खाल्ला काय?"

बाईंनी खरंच ताट तसंच ठेवलं होतं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, निवडून तर पाहा. बाई पाय आपटत घरी आल्या आणि तेजरामवर ओरडल्या, त्याचा काही संबंध नसताना. त्यानं शांतपणे विचारलं, "राग कोणाचा आहे?" तेव्हा बाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझाच."

रात्री बाईंना जेवण गेलं नाही. खरा राग कृष्णरावांचा नव्हताच. ज्या पोरीला थैली लपवायला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्याच तांदळाला सगळ्या मंडळीसमोर कचरा म्हटलं गेलं. आणि ते घडवून आणलं कोणी, तर आपण.

दुसऱ्या दिवशी बाई रुखमाच्या घरी गेल्या. रुखमा ढाब्यावर जायच्या तयारीत होती. "काय सांगू बाई," ती म्हणाली, "संडे स्कूलले जात नाही म्हणते, अन् रोज भात टाकाच्या वेळी मूठ काढाले बराबर हजर! मले हात लावू देत नाही डब्याले."

तृप्ती आतून आली. हातात प्लास्टिकचा जुना डबा, त्यात तांदूळ. ती बाईंकडे न पाहताच म्हणाली, "टीचर, मी माझा तांदूळ अलग देऊ काय? चांगल्यात नका टाकू. उगाच सगळ्यांचा खराब होते."

सुलोचनाबाईंना सगळं कळलं. पोरगी द्यायला तयार होती. तिला फक्त आपलं देणं दुसऱ्याच्या देण्याजवळ ठेवायची लाज वाटत होती. याहून वाईट काय शिकवलं असतं आपण!

"रविवारी ये," त्या एवढंच म्हणाल्या. "डबा घेऊन ये. तुले माझी शपथ." मग जीभ चावली, कारण शपथ घालायची नाही असं त्यांनीच शिकवलेलं. "शपथ नाही. पण येजो."

रविवार आला. पंचांचा शब्द म्हणून बाईंनी ओसरीवर जुनी चादर पसरली, कोठी उपडी केली, चाळण्या आणि सुपं मांडली. तृप्तीचा पत्ता नव्हता. पोरांना निवडणं म्हणजे खेळच वाटला. थोडा वेळ बरं चाललं. मग निकेश म्हणाला, "बारका सगळा माझा आहे हं."

"लांबवाला माझा," खुशबू म्हणाली. "तू त्याला हात नको लावू. तुझ्या ढिगात माझे दाणे गेले, दे इकडे."

"तुटलेले तुझे कशावरून? चिन्नोर पण तुटते!"

"टीचर, यानं माझे घेतले!"

ज्या तांदळावर इतके दिवस कोणाचं नाव नव्हतं, त्याच्या दाण्यादाण्यावर आता पोरं हक्क सांगत होती. दोघं एकमेकांची मनगटं धरून बसली. तेवढ्यात खुशबूनं एक फिका पिवळा दाणा उचलून वर धरला. "आणि हे प्लास्टिकचे कोणाचे?"

सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. तृप्ती डबा घेऊन तिथे उभी होती.

"बस्स!" बाई अशा ओरडल्या, की फाटकावरची कुत्री उठून पळाली. "सोडा ते! हात वर करा सगळ्यांनी! तांदळाले कोणी हात लावाचा नाही!"

पोरांनी हात वर केले. बाई चादरीच्या मधोमध, तांदळातच, मांडी घालून बसल्या. श्वास आवरला. मग नेहमीच्या मानानं अगदी हळू आवाजात बोलल्या.

"ऐका. सणाच्या दिवशी भात बिघडला तो राशनच्या तांदळानं नाही बिघडला. चिन्नोरनं नाही, बासमतीनं नाही. मी बिघडवला. इतक्या जातीचा तांदूळ एका गंजात शिजत नाही, हे मले लहानपणापासून माहीत आहे. उषाबाईनं सांगतलं, मी ऐकलं नाही. मले मोठेपणा पाहिजे होता. तांदूळ सगळा चांगला होता. तुम्ही सगळ्यांनी आपल्या ताटातून काढलेला. ज्याच्या घरी पोतं भरून आहे त्याची एक मूठ, अन् ज्याच्या घरी महिन्याचं मोजूनमापून येते त्याची पण एक मूठ. आता सांगा, कोणाची मोठी?"

सगळ्यांना कळलं होतं. निकेशनं हात खाली केले आणि आपला ढीग हळूच मधल्या ढिगात सरकवला.

"पण टीचर," खुशबू म्हणाली, तिचा आवाज बराच खाली आला होता, "मग याचं करायचं काय? भात तर होत नाही."

"भात होत नाही तं भात नका करू!" बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांचं त्यांना सुचलं. "भातच कायले पाहिजे? पीठ करू! उठा. तृप्ती, इकडं ये माय. तुझा डबा सगळ्यात वर टाक."

तृप्ती आली. तिनं एकदा खुशबूकडे पाहिलं आणि डबा ढिगावर रिकामा केला. या वेळी कोणाचे डोळे मिटलेले नव्हते.

तांदूळ पुन्हा कोठीत भरला आणि मग वरात निघाली! पुढे कोठी उचलून निकेश आणि दोन पोरं, मागे बाकीची, सर्वांत शेवटी पदर खोचून बाई. चक्कीवाल्यानं विचारलं, "कोणता तांदूळ आहे बाई?" बाई म्हणाल्या, "सगळाच आहे. बारीक काढ." चक्की घरघरायला लागली, पोरं पिठाच्या तोंडाशी हात धरून उभी राहिली. गरम पीठ हातावर आलं, की खिदळत होती. खुशबूच्या नाकाला पीठ, निकेशच्या डोक्यावर पीठ. निकेशनं मूठभर पीठ खुशबूसमोर धरलं आणि विचारलं, "घे, निवड तुझा." खुशबू इतकी हसली, की तिला ठसका लागला.

उषाबाईंना निरोप गेला. त्या तवा आणि तोंडभर टोमणे घेऊन आल्या. "आता कशी शुद्धीवर आली बाई!" प्रार्थनाघराच्या मागे चूल पेटली. पिठात जिरं, मीठ, हिरवी मिरची, आणि अर्ध्या पिठात गूळ. तव्यावर धिरडी पडायला लागली, कडेनं जाळीदार, मधे मऊ. उषाबाईंनी पहिलं धिरडं तोडून तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जमलं." या बाईच्या तोंडून एवढा एक शब्द म्हणजे मानपत्रच समजा.

वास घेत कृष्णराव आले. उपासनेच्या खुर्च्या आत लावायला म्हणून आले होते, पण चुलीपाशी थांबले. गुळाचं एक खाल्लं, तिखटाचं एक खाल्लं, तिसऱ्याला हात घातला. "वा! हे कोणत्या तांदळाचं म्हणायचं?"

"त्याच कोठीतलं," बाई म्हणाल्या. "राशनच्या तांदळासकट." आणि त्यांना जरा बाजूला घेतलं. "कृष्णरावजी, पंगतीत तुम्ही जे बोलले न, ते त्या पोरीनं ऐकलं."

"कोणत्या पोरीनं?"

"तुमच्यासमोर मीठ वाढून राहिली होती तिनं. रुखमाच्या तृप्तीनं."

कृष्णरावांचा घास तोंडातच राहिला. "मी तांदळाले बोललो वो बाई. पोरीले थोडीच बोललो."

"तांदूळ तिचा होता न जी."

कृष्णराव उरलेलं धिरडं हातात धरून पोरांकडे वळले. तृप्ती तव्यावरून उतरलेली धिरडी टोपलीत रचत होती आणि निकेशच्या हातावर चापट मारत होती, कारण तो मधेच उचलत होता. कृष्णरावांनी हात धुतले आणि खुर्च्या न लावताच घरी गेले. बाईंना वाटलं, माणूस दुखावला. वाटलं तर वाटलं, पण सांगणं भाग होतं.

दुपारी तेजराम, बाई आणि पोरं टोपल्या घेऊन दवाखान्यात गेली. झाडाखाली बसलेल्या लोकांना ना ताट लागलं, ना वरण. हातावर धिरडं घेतलं आणि खाल्लं. साकोलीकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती, तिनं गुळाचं आणखी एक मागून घेतलं आणि तृप्तीच्या गालावरून हात फिरवला. परत येताना पूल ओलांडताना पोरं गाणी म्हणत होती, बेसूर. बाईंनी कोणाला गप्प केलं नाही. खूप दिवसांनी मन असं भरून आलं होतं. घरी गेल्यावर त्यांनी साधा वरणभात केला आणि दोघांनी पोटभर खाल्ला.

पुढच्या रविवारी बाईंनी रिकामी कोठी ओसरीच्या मधोमध ठेवली. एकच. पोरं थैल्या घेऊन रांगेत उभी राहिली. कोठीपाशी तृप्तीला उभं केलं होतं, ढवळायला. तिनं आपली थैली सर्वांआधी, सगळ्यांदेखत रिकामी केली होती आणि बाह्या वर सारून तयार होती. खुशबूनं टाकला, तृप्तीनं ढवळला. निकेशनं टाकला, तृप्तीनं ढवळला.

रांगेच्या शेवटी कोणीतरी घसा खाकरला. बाईंनी मान वर केली तर कृष्णराव, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि हातात कापडी थैली. पोरांच्या रांगेत पोरांसारखेच उभे. त्या थैलीतल्या चिन्नोरचा वास बाईंना ओसरीच्या या टोकाला आला. कोणी पुढे बोलावेल म्हणून ते थांबले नाहीत, आणि कोणी बोलावलंही नाही. आपली पाळी आली तेव्हा ते पुढे झाले. थैली कोठीवर धरली आणि तृप्तीकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

तृप्तीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि कोपरापर्यंत तांदळात हात घातला.

"टाका आजोबा," ती म्हणाली. "थैली उलटी करून टाका, कोपऱ्यात दाणे राहतात."